न भरलेल्या खुर्च्या

१९८०च्या सुमारास मुंबईतल्या फोर्ट भागातल्या कुठल्याही बँकेत चेक वटवायला गेलं, की हातात पितळी टोकन पडे आणि बाकावर बसून राहावं लागे. चेक काउंटरवरून लेजर कीपरकडे जाई. तो जाडजूड लेजर उघडून खातं काढी, शिल्लक बघे, रक्कम नावे टाके आणि नवी शिल्लक लिही. मग चेक अधिकाऱ्याकडे जाई. नमुना सहीच्या कार्डाशी सही ताडून अधिकारी तो पास करी, आणि शेवटी जाळीआडचा कॅशियर टोकनाचा नंबर पुकारी. एवढ्यात अर्धा तास सहज जाई. ग्राहक वैतागत, पण हे सगळं आळसापोटी होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. एका चेकवर तीन माणसांची नजर पडावी, म्हणूनच ही रचना बसवलेली होती.

खरं काम मात्र ग्राहक गेल्यावर सुरू होई. दिवसभराचे व्हाउचर एकीकडे, लेजरमधल्या नोंदी दुसरीकडे, आणि दोन्हींच्या बेरजा जुळल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. याला म्हणत टॅली. शिवाय ठरावीक काळाने प्रत्येक लेजरमधल्या सगळ्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी पडताळायची, ते बॅलन्सिंग. फरक आला की शोधाशोध. त्या शोधाचीही एक विद्या होती. फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल, तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केलेली असण्याचा संभव मोठा: ७३च्या जागी ३७ लिहिलं की फरक ३६. फरक सम असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडली आहे का, हे पाहायचं. हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलं जात नव्हतं. शेजारच्या खुर्चीवरचा ज्येष्ठ कारकून शिकवी.

ही व्यवस्था कोलमडू लागली ती संगणकामुळे नव्हे, तर संगणक येण्याच्या कितीतरी आधी, नुसत्या आकारामुळे. जुलै १९६९मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या शाखा होत्या ८,२६२. पुढच्या वीस वर्षांत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. खाती वाढली, ड्राफ्ट वाढले, एका शाखेने दुसऱ्या शाखेवर काढलेल्या रकमांच्या नोंदी वाढल्या. या आंतरशाखा नोंदींचा मेळ घालण्याचं काम वर्षानुवर्षं तुंबून राहिलं. कुठे काय जमा झालं आणि कुठे नावे पडलं, हे मुख्यालयालाच पक्कं ठाऊक नसेल, तर अशा ढिगाऱ्यात लबाडीही आरामात लपू शकते.

तरीही संगणक बँकेत सहज शिरू शकला नाही. त्याला आधीचा इतिहास होता. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणायचं ठरवलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. कोलकात्यात इलाको हाउससमोरचं आंदोलन तर कामगार चळवळीत आख्यायिका बनून राहिलं. यंत्रांमुळे रोजगारावर काय परिणाम होईल हे तपासायला केंद्र सरकारला समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर. ऑफिसात यंत्र आणावं की नाही, हा प्रश्न त्या काळी थेट राष्ट्रीय अर्थकारणाचा मानला जात होता, हे आज विसरायला झालं आहे.

बँक कर्मचारी संघटनांच्या बँकांशी याच प्रश्नावर वाटाघाटी सुरू होत्या त्या काळात मुंबईत आणखी काय घडत होतं, तेही लक्षात घ्यायला हवं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यातले हजारो पुन्हा कधी आत गेले नाहीत. लालबाग-परळच्या भोंग्यांपासून फोर्टची बँक लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर होती. नोकरी म्हणजे जन्माची सोय नव्हे, हे त्या शहरातल्या बँक कर्मचाऱ्याला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. अशा वेळी युनियनला संगणक राक्षस वाटला म्हणून तिला आज मागासलेली म्हणणं फार सोपं आहे. मला ते पटत नाही.

८ सप्टेंबर १९८३ला बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. यंत्रं आणता येतील, पण मर्यादित संख्येने, मर्यादित कामांसाठी, आणि त्यापायी कुणाचीही नोकरी जाणार नाही. शाखांत जी यंत्रं आली त्यांना 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' म्हणत. त्यावर काम करणाऱ्याला खास भत्ता मिळे. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. आणि त्याच १९८४ला कामगार संघटनांनी संगणकविरोधी वर्ष म्हणून पाळलं. मार्च १९८७च्या करारात आणखी थोडी वाट मोकळी झाली, १९८९मध्ये रंगराजन यांच्या दुसऱ्या समितीचा अहवाल आला. दर खेपेला थोडं यंत्र, थोडा भत्ता, आणि कपात न करण्याची तीच हमी.

चेक क्लिअरिंगचं यांत्रिकीकरण मात्र तुलनेने लवकर झालं आणि त्याची सुरुवात मुंबईतूनच झाली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात चेकच्या तळाशी चुंबकीय शाईतले ते विचित्र ठोकळेबाज आकडे दिसू लागले. त्यातला नऊ अंकी कोड वाचायला सोपा आहे: पहिले तीन अंक शहराचे, नंतरचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे अंक पिनकोडवरून घेतले, म्हणून मुंबईच्या चेकवरचा हा कोड ४००ने आणि पुण्याच्या चेकवरचा ४११ने सुरू होतो. हाताने गठ्ठे लावण्याचं काम तिथून यंत्राकडे गेलं.

हाताने लिहिलेल्या वहीची किंमत किती असू शकते, ते १९९२मध्ये कळलं. सरकारी रोख्यांची मालकी एका बँकेकडून दुसरीकडे गेल्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसमध्ये हातानेच होत असे आणि ती दिवसेंदिवस मागे पडे. मधल्या काळात बँका एकमेकींना कागदी पावत्या देत. हर्षद मेहता प्रकरणातले पैसे त्याच फटीतून शेअर बाजाराकडे वाहत गेले. नंतर जानकीरामन समितीने सगळा हिशेब उकलला. लेजरविषयी हळवं होणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

शेवटचा रेटा आला तो भलत्याच दिशेने. १९९८मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना बजावलं, की १ जानेवारी २००१पर्यंत किमान ७० टक्के व्यवहार संगणकावर आले पाहिजेत. कारण दिलं भ्रष्टाचार रोखण्याचं. अर्थमंत्रालय आणि समित्यांना जे जमत नव्हतं, ते दक्षता खात्याच्या पत्राने हललं. सरकारी कचेऱ्यांचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

आणि मग २०००-०१मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली. पंधरा वर्षं नोकरी किंवा वयाची चाळीस वर्षं झालेल्या कोणालाही अर्ज करता येई. भरलेल्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, जे कमी असेल ते. सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली. करार कुणी मोडला नाही. कुणाला काढलं नाही. पण त्या खुर्च्या बहुतेक ठिकाणी पुन्हा भरल्या गेल्या नाहीत, भरती मंडळं गुंडाळली गेली, आणि कारकुनांची मोठी भरती कैक वर्षं जवळजवळ थांबली. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा इथे आहे. युनियनने जिवाच्या आकांताने जपली ती नोकरीत असलेल्याची नोकरी. नोकरीत अजून न आलेला, डोंबिवलीत किंवा साताऱ्यात बी.कॉम. होऊन अर्जाच्या जाहिरातीची वाट पाहणारा मुलगा वाटाघाटीच्या टेबलावर कधी नव्हताच. त्याच्या वतीने बोलायला कुणाची सभासद-वर्गणी येत नव्हती.

यंत्र आलं तरी जुन्या वहीचे नियम मात्र चिवट निघाले. बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरीपर्यंतच्या किमान शिलकीवर मिळे, कारण हाताने रोजचं व्याज काढणं अशक्य होतं. सगळ्या शाखा संगणकाने जोडणारं कोअर बँकिंग येऊन रोजची शिल्लक बटणावर मिळू लागल्यावरही हाच नियम चालू राहिला. म्हणजे पगाराचे पन्नास हजार खात्यात असलेल्या माणसाने पंचवीस तारखेला एकोणपन्नास हजार काढले, तर त्याला महिन्याचं व्याज मिळे हजार रुपयांवर. रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं ते १ एप्रिल २०१०पासून. तोवरचा फायदा कुणाचा झाला, ते उघड आहे.

नव्या यंत्रांच्याही आपल्या फटी असतात. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून पंजाब नॅशनल बँकेच्या नावाने बेकायदा हमीपत्रं वर्षानुवर्षं परदेशी जात होती, हे २०१८मध्ये उघडकीस आलं. घोटाळा तेरा हजार कोटींच्या पुढे गेला. संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा आणि बँकेची कोअर प्रणाली एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या. संदेश जाई, हिशेबात नोंद नसे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे देशोदेशीच्या एटीएममधून. संध्याकाळची टॅली असती तर हे टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. पण दोन वह्या एकमेकींशी ताडून पाहायची सवय कुठे हरवली, हा प्रश्न रास्त आहे.

बहुतेक सरकारी बँकांची भरती २०११पासून मुंबईच्या आयबीपीएस संस्थेच्या सामाईक परीक्षेने होऊ लागली. आता ती परीक्षाही संगणकावर होते, आणि उत्तीर्ण होणाऱ्याला कारकून न म्हणता 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पैशांची ने-आण बहुतांशी फोनवर गेली आहे. ऑगस्ट २०२३मध्ये यूपीआयच्या व्यवहारांची संख्या महिन्याला एक हजार कोटींच्या पुढे गेली. तरी पेन्शनधारकाची अडचण, केवायसी, अडकलेले पैसे आणि विमा विकण्याचं टार्गेट यांसाठी काउंटरवर माणूस लागतोच, आणि तो कमी पडतो. मार्च २०२५मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या नऊ संघटनांच्या संयुक्त मंचाने दोन दिवसांच्या संपाची हाक दिली. मागण्यांत पाच दिवसांचा आठवडा होता, आणि त्याच्या जोडीला सर्व श्रेणींत पुरेशी भरती करा, ही मागणी होती. चर्चेचं आश्वासन मिळालं आणि संप पुढे ढकलला गेला.