शतकाचा मानकरी कोण?

शतक सरले की हिशेब मांडण्याची हौस माणसाला असतेच. १९९९ साली अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने विसाव्या शतकाचा माणूस म्हणून आल्बर्ट आइन्स्टाइन यांची निवड केली. गांधीजी आणि रूझवेल्ट त्यांच्या मागे राहिले. पुढे २०१२ मध्ये आपल्याकडे एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या पुढाकाराने गांधीजींनंतरचा सर्वांत थोर भारतीय कोण, याचा कौल घेतला गेला आणि मान डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मिळाला. अशा निवडींवर वाद होतात आणि ते व्हावेतही. कारण माणूस निवडताना आपण कशाला मोठे मानतो, तेही त्यातून उघड होते.

हाच प्रश्न जरा घराजवळ आणून पाहू. वऱ्हाडाचे विसावे शतक कोणी घडवले? चांदूर रेल्वेच्या स्टेशनबाहेर चहा घेणाऱ्या चौघांना विचारले, तर एखादा मिस्कील गृहस्थ म्हणेल, “माणूस कशाला शोधता? आगगाडीलाच मान द्या!” आणि ते अगदीच खोटे नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे धावू लागला आणि बाजाराच्या चांदुरापासून हे चांदूर वेगळे ओळखू यावे म्हणून नावालाच रेल्वे जोडली गेली. पण रूळ कापूस नेतात, माणसाचे मन नेत नाहीत. मन बदलणारी माणसे शोधायला चांदूरहून फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुखांचे गाव. दुसऱ्या बाजूला तिवसा तालुक्यात तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी. जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, अंजनगाव सुर्जीकडचे शेंडगाव, तिथे गाडगेबाबा जन्मले. १८७६, १८९८ आणि १९०९. तेहेतीस वर्षांत एकाच जिल्ह्याने ही तीन माणसे दिली.

आज तिघांच्याही नावाने विद्यापीठ आहे. अमरावतीचे गाडगेबाबांच्या, नागपूरचे तुकडोजी महाराजांच्या आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ पंजाबरावांच्या. गंमत अशी, की यांपैकी विद्यापीठाची पायरी चढले ते एकटे पंजाबराव! तुकडोजींचे शिक्षण प्राथमिक शाळेतच संपले आणि गाडगेबाबांच्या वाट्याला तर शाळाच आली नाही.

पंजाबराव विलायतेहून बॅरिस्टर होऊन, वैदिक वाङ्मयावर प्रबंध लिहून परतले. मुंबई-नागपुरात वकिली थाटून सुखाने राहता आले असते. त्याऐवजी ते अमरावतीला आले, अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून पुढे सरसावले आणि १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. कुणब्याच्या, माळ्याच्या, मजुराच्या पोराला गावाजवळ शाळा मिळाली. घटना समितीत ते होते. १९५२ ते ६२ या काळात केंद्रात शेतीचे खाते त्यांच्याकडे होते आणि १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवरही आले होते.

तुकडोजींचे हत्यार खंजिरी. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला आश्रम स्थापला. बेचाळीसच्या आंदोलनात त्यांच्या भजनांनी गावे पेटून उठली आणि सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. नंतर ‘ग्रामगीता’ लिहून त्यांनी गावाचा संसार कसा करावा, हे साध्या ओव्यांत सांगितले. जातपात बाजूला ठेवून सारे गाव एका सतरंजीवर बसते, ही सामुदायिक प्रार्थनेची सवय त्यांनीच लावली. १९६८ मध्ये ते गेले. अनेक गावांत ती प्रार्थना अजून चालते.

आणि गाडगेबाबा? हातात खराटा, अंगावर चिंध्या. आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तनात माणसांची डोकी झाडायची. दगडाच्या देवाला बकरे कापू नका, दारू पिऊ नका, शिवाशिव पाळू नका, कर्ज काढून सण-लग्ने करू नका, जेवायचे ताट गेले तरी चालेल पण पोराला शिकवा. लोकांच्या देणगीतून त्यांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ बाबांनीही डोळे मिटले. आजही मुंबईला टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचाराला गेलेल्या कितीतरी कुटुंबांना दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेचा आधार असतो.

आता निवड कशी करायची? प्रसिद्धी, पदे, पुतळे यांची मोजपट्टी इथे कामाची नाही. खरे मोजमाप असे, की तो माणूस झालाच नसता तर आपल्या घरात काय वेगळे असते? या हिशेबाने पंजाबरावांचे पारडे झटकन खाली जाते. आज वऱ्हाडात पन्नाशी-साठीच्या पुढचा एखादा शिक्षक, कारकून किंवा डॉक्टर घ्या. त्याच्या शिक्षणाचा धागा शिवाजी संस्थेच्या एखाद्या शाळा-कॉलेजापर्यंत पोहोचण्याची शक्यता मोठी. पंजाबरावांचे नाव ज्याला ठाऊक नाही, त्यालाही त्यांच्या कामाचे फळ मिळाले.

तरीही माझा कौल गाडगेबाबांना आहे. शाळा बांधणे अवघडच. पण ज्या आईबापांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नाही, त्यांच्या मनात पोराला शाळेत घालण्याची ओढ लावणे त्याहून अवघड. शेतात दोन हात कमी पडणार, हे ठाऊक असूनही बाप तयार झाला, त्यामागे रात्रीच्या कीर्तनातला तो खडा सवाल होता. गाव कसे असावे, हे सांगणाऱ्या तुकडोजींसमोर जो श्रोता बसला, त्याची मशागतही बरीचशी खराट्यानेच केली होती.

मात्र या कौलाला एक कडू बाजू आहे. लहानपणी मामाकडे असताना सावकारी कर्जापायी जमीन कशी जाते, हे बाबांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या लोकसेवेला जिथे सुरुवात झाली, त्या पूर्णाकाठच्या तीर्थाचे नावच ऋणमोचन, म्हणजे कर्जातून सुटका. आणि त्याच अमरावतीसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांना ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली, कारण शेतकरी आत्महत्या करीत होते. कापसाचा भाव आणि पावसाची लहर शेतकऱ्याच्या हाती नाही. त्याबद्दल त्याला उपदेश करणे हा अन्याय ठरेल. तिथे पंजाबरावांसारखा भांडणारा माणूस हवा. पण मांडव, आहेर आणि पंगती यांचा खर्च ठरतो तो आपल्याच ओसरीवर.

त्या ओसरीवर बाबांचे आपण किती ऐकले? खराटा आपण उचलला. त्यांच्या नावाने २००० साली सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढले आणि गावोगावचे रस्ते झाडले गेले. पोरे शिकली, मुलीही शिकल्या. कर्जाची गोष्ट मात्र कीर्तनातच राहिली. म्हणजे शतकाचा मानकरी म्हणून त्यांचे नाव घेताना आपण अर्ध्या प्रभावाची पावती देत आहोत. उरलेला अर्धा विद्यापीठाच्या पाटीवर सापडणार नाही. या मोसमात ज्या घरी लग्नाची यादी करायला मंडळी बसतील, तिथे एखाद्या वडीलधाऱ्याने, किंवा खुद्द नवरीने, “एवढे कर्ज कशाला?” असे विचारले आणि यादीतली चार नावे, दोन पक्वान्ने कमी झाली, तर या वादाचा निकाल लागायला सुरुवात झाली, असे खुशाल समजावे.