शब्दांचे भूखंड

एस.टी.च्या स्थानकात गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून आत पडणारा रुमाल महाराष्ट्रातील प्रवाशाला नवा नाही. रुमाल टाकणाऱ्याने तिकीट काढलेले नसते, तो बाकावर बसलेलाही नसतो. तरीही वीतभर कापडाने त्याचा हक्क प्रस्थापित होतो आणि रांगेने दारातून आलेला वृद्ध प्रवासी उभा राहतो. या रीतीला एक नैसर्गिक मर्यादा मात्र आहे. रुमाल टाकणारा बहुधा स्वतःच प्रवास करणार असतो आणि एका माणसाला एकच जागा पुरते. प्रवासाचा हेतूच नसलेल्या एखाद्याने पन्नास गाड्यांत रुमाल टाकून ठेवले आणि बसू पाहणाऱ्यांकडून जागेचे पैसे मागितले, तर त्याला काय म्हणावे? संगणकांच्या महाजालावर जवळजवळ तीस वर्षे असा एक व्यवसाय उघडपणे चालू आहे. तेथे बाकांच्या जागी शब्द आहेत, एवढाच फरक.

महाजालावरील प्रत्येक संकेतस्थळाला पत्ता लागतो. यंत्रे हा पत्ता आकड्यांत वाचतात. परंतु माणसाच्या लक्षात आकडे राहत नाहीत, म्हणून त्याऐवजी नाव वापरण्याची सोय करण्यात आली. या नावालाच डोमेन म्हणतात. एक नाव सगळ्या जगात एकाच मालकाकडे असू शकते. 'डॉट कॉम' या वर्गातील पहिले नाव सिम्बॉलिक्स या अमेरिकन संगणक कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी नोंदविले. पुढील दहा वर्षे नोंदणी विनामूल्य होती. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना शंभर डॉलर असा आकार सुरू झाला, तो पुढे उतरला. सप्टेंबर २०२४ मध्ये 'डॉट कॉम'चा वार्षिक घाऊक दर १०.२६ डॉलर, म्हणजे हजार रुपयांच्या आतच होता. या व्यवस्थेचे मूळ नियम दोन आहेत. जो प्रथम मागेल त्याला नाव मिळते, आणि नोंदणीचा वार्षिक दर सर्व नावांना सारखाच असतो. दुसरा नियम वरकरणी समतेचा वाटतो. परंतु भर बाजारपेठेतील भूखंड आणि माळावरची खडकाळ जमीन यांना एकच सारा आकारला, तर बाजारपेठेतील भूखंड अडवून ठेवणाऱ्याचे फावते. नावांच्या बाबतीत नेमके तेच घडले.

'बिझनेस डॉट कॉम' या नावाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९७ मध्ये ते दीड लाख डॉलरला विकत घेतले गेले, तेव्हाच लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. १९९९ मध्ये ते ७५ लाख डॉलरला विकले गेले. दोन वर्षांत किंमत पन्नासपट झाली. २०१९ मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव तीन कोटी डॉलरला गेले. 'बिझनेस' म्हणजे धंदा आणि 'व्हॉइस' म्हणजे आवाज. हे शब्द विक्रेत्याने घडविलेले नाहीत. कित्येक पिढ्यांच्या बोलण्यातून ते रूढ झाले. महाजालावर कोट्यवधी माणसे आली, त्यांनी तेथे खरेदी-विक्री सुरू केली, म्हणून या शब्दांना भाव आला. जी मूल्यवृद्धी समाजाने केली, ती मालकाच्या खिशात गेली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटणार नाही. डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये खंडाचा सिद्धांत मांडताना दाखवून दिले की जमिनीचा खंड हा मालकाच्या श्रमातून नव्हे, तर जमिनीच्या सापेक्ष श्रेष्ठतेतून उत्पन्न होतो. जॉन स्टुअर्ट मिल याने अशा लाभाला 'अनर्जित वाढ' मानून त्यावर कर बसविण्याची मागणी केली. डोमेन नावाचे मूल्य हा या खंडाचा जवळजवळ शुद्ध नमुना आहे. शेतजमिनीला निदान नांगरावे लागते, बांध घालावे लागतात. नाव नुसते धरून ठेवले तरी पुरते. अशा हजारो नावांच्या मागे आजही एखादे ओसाड पान असते, त्यावर चार जाहिराती लटकत असतात आणि 'हे नाव विकणे आहे' अशी पाटी असते.

या व्यापाऱ्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, त्यांनी धरलेल्या नावांपैकी बहुतेकांना कधीच गिऱ्हाईक मिळत नाही. नूतनीकरणाचा आकार मात्र दरवर्षी प्रत्येक नावाचा भरावा लागतो. ज्या दीड लाख डॉलरची एकेकाळी थट्टा झाली, ते बुडालेही असते. शिवाय दलाल नसता तर नाव एखाद्या हौशी माणसाकडे निरुपयोगी पडून राहिले असते. बाजारामुळे ते सर्वाधिक गरज असलेल्याकडे पोहोचते. या युक्तिवादात तथ्य आहे. सट्टा म्हटला की तो पापच, असे मानण्याचे कारण नाही. सुगीत धान्य घेऊन ते आषाढात विकणारा व्यापारी नफा कमावतो, पण त्याबरोबर धान्य वाटेतल्या महिन्यांतून पुढेही नेतो. तो नसता तर सुगीत नासाडी आणि आषाढात उपासमार झाली असती. मात्र शब्दाला सुगी नाही आणि आषाढही नाही. तो साठविल्याने टिकत नाही आणि न साठविल्याने नासत नाही. भाव वाढला म्हणून कोणी दुसरा 'बिझनेस' पिकवू शकत नाही. धान्याच्या साठ्यातून जी सेवा घडते, ती येथे फारच थोडी घडते. जोखीम खरी आहे. परंतु जोखीम पत्करली एवढ्यावरून समाजोपयोग सिद्ध होत नाही. मटक्याचा आकडा लावणाराही जोखीम पत्करतोच.

सामान्य शब्दांच्या या सट्ट्याला लागूनच दुसरा, अधिक निंद्य व्यवहार आहे. तो म्हणजे दुसऱ्याने कमावलेले नाव आधीच नोंदवून त्याच्याकडून पैसे मागणे. चित्रपटांचे कॅमेरे पुरविणाऱ्या पॅनाव्हिजन या अमेरिकन कंपनीचे नाव एका गृहस्थाने १९९५ मध्ये नोंदविले, त्यावर पाना नावाच्या एका गावाची छायाचित्रे लावली आणि नाव सोडण्यासाठी १३ हजार डॉलर मागितले. १९९८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. १९९९ मध्ये अमेरिकेने अशा बळकावणीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि त्याच वर्षी नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने तंट्यांच्या निवाड्याची पद्धत ठरवून दिली. भारतातही १९९९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'शी साधर्म्य असलेल्या 'रॅडिफ' या नावाच्या वापरास मनाई केली, आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळते, हे स्पष्ट केले.

कायदा आहे, पण त्याच्या दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च पाहिला पाहिजे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे अशी तक्रार न्यायची, तर एका पंचाच्या निवाड्यासाठी किमान शुल्क १,५०० डॉलर आहे, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून अधिक. वकिलाचा खर्च निराळा. नाव बळकावणाऱ्याला पहिल्या वर्षी पडतात ते हजारभर रुपये. तेव्हा तो पन्नास-साठ हजार मागतो आणि निमूटपणे देऊन टाकणे हाच शहाण्याचा हिशेब ठरतो. तरीही २०२३ आणि २०२४ या प्रत्येक वर्षी या संघटनेकडे सहा हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. ज्यांनी निमूटपणे पैसे दिले, त्यांची गणना त्यांत नाही. मोठ्या उद्योगसमूहाला वकिलांची फौज परवडते. कोकणातील आंबा-उत्पादकांच्या एखाद्या संस्थेला किंवा गावोगावच्या ग्रंथालयाला ती परवडणारी नाही.

या दोन व्यवहारांमधील सीमारेषा कशी पुसट होते, हे २०२४ मध्ये भारताने पाहिले. जिओने 'सावन' ही संगीतसेवा घेतली तेव्हा तिचे 'जिओसावन' झाले. त्याच न्यायाने उद्या 'जिओहॉटस्टार' होईल, असा तर्क करून दिल्लीच्या एका तरुणाने २०२३ मध्ये ते नाव नोंदविले. विलीनीकरण दृष्टिपथात येताच त्याने जाहीर पत्र लिहून केंब्रिजमधील शिक्षणाचा खर्च मागितला. पुढे ते नाव दुबईतील दोन लहान भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला विनामूल्य देऊ केले. लोकांची सहानुभूती बऱ्याच अंशी त्या तरुणाच्या बाजूने होती. ते स्वाभाविक आहे. समोर बलाढ्य उद्योगसमूह होता आणि मागणी शिक्षणाची होती. परंतु हीच युक्ती उलट दिशेने, एखाद्या होतकरू दुकानदारावर चालविली गेली, तर सहानुभूती कोणीकडे जाईल? व्यवहाराचे मूल्यमापन करणाऱ्याच्या गरिबीवरून केले, की नियमच उरत नाही.

मग उपाय कोणता? नावांची खरेदी-विक्री बेकायदा ठरविणे व्यर्थ आहे. पागडीवर बंदी होती तेव्हाही मुंबईत पागडी दिली-घेतली जातच होती. उपाय दराच्या रचनेत आहे, आणि तो किती परिणामकारक ठरतो याचा पुरावा याच क्षेत्रात उपलब्ध आहे. नोंदणीनंतर पाच दिवसांत नाव परत केल्यास पूर्वी पूर्ण पैसे परत मिळत. तिचा फायदा घेऊन सट्टेबाज लक्षावधी नावे घेत, कोणत्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळतात ते पाहत आणि उरलेली परत करीत. २००८ मध्ये आयकॅनने मर्यादेपलीकडच्या परतीवर नावामागे अवघे २० सेंट आकारण्यास प्रारंभ केला, आणि एप्रिल २००९ पासून अशा नावांचा पूर्ण घाऊक आकार परत न देण्याचा नियम केला. वर्षभरात परतीचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटले. कोणालाही शिक्षा झाली नाही, कोणावर खटला भरला गेला नाही. फुकटची गोष्ट फुकट राहिली नाही, एवढेच झाले.

आणखी एक उदाहरण कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या बेटाचे आहे. सुमारे सोळा हजार लोकवस्तीच्या या ब्रिटिश प्रदेशाच्या वाट्याला 'डॉट एआय' हा वर्ग निव्वळ योगायोगाने आला. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट उसळली आणि जगभरातून या नावांना मागणी आली. २०२३ मध्ये त्यातून बेटाच्या सरकारला सुमारे तीन कोटी वीस लाख डॉलर मिळाले. एकूण महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. हीदेखील अनर्जित वाढच आहे, परंतु तिचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीत गेला. खंड उत्पन्न होणे टाळता येत नाही. तो कोणाकडे जावा, हे मात्र ठरविता येते.

'डॉट कॉम'चे दर भारताच्या हाती नाहीत. 'डॉट इन' आणि 'डॉट भारत' हे वर्ग मात्र नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहेत. २०१४ पासून देवनागरीत, म्हणजे मराठीतही, 'डॉट भारत'ची नावे नोंदविता येतात. तेथे अद्याप गर्दी नाही, म्हणूनच नियम करण्याची हीच वेळ आहे. पहिली काही नावे आजच्याच अल्प दरात द्यावीत. एकाच मालकाकडे वापरात नसलेली नावे जसजशी वाढतील, तसतसा दर चढत जावा. अर्थतज्ज्ञ आर्नल्ड हार्बर्गर याने १९६०च्या दशकात मालमत्तेबाबत सुचविलेला मार्गही विचारात घेता येईल: मालकाने किंमत स्वतः जाहीर करावी, त्या प्रमाणात कर भरावा, आणि त्या किमतीला कोणी मागितल्यास मालमत्ता द्यावी. चालू दुकान किंवा शाळा ज्या नावावर उभी आहे, ते नाव अर्थातच या नियमातून वगळले पाहिजे. अन्यथा धनवान माणूस गरिबाची पाटी विकत घेईल. 'वापर' कशाला म्हणावे यावर वाद होतील, पळवाटाही निघतील. तसे वाद शेतसाऱ्यावरही झाले, म्हणून सारा कोणी सोडून दिला नाही.

'शेती', 'बाजार', 'शाळा', 'आरोग्य' हे शब्द मराठी समाजाने शतकानुशतके बोलून जिवंत ठेवले आहेत. उद्या एखाद्या शिक्षकाला किंवा बचतगटाला त्यांतील एखाद्या शब्दाच्या आधाराने काही उभारावेसे वाटले, तर तेथे रुमाल टाकलेला आढळू नये, आणि आढळलाच तर तो ठेवण्याचे मोल रुमालवाल्याने दरवर्षी समाजाकडे भरलेले असावे, एवढी तरतूद करणे आज सहज शक्य आहे.