गाव बदलण्यापूर्वी तब्येतीला विचारा

सातारा म्हणजे पेन्शनरांचे गाव, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुंबई-पुण्यात तीस-पस्तीस वर्षे नोकरी करावी, मुलांची शिक्षणे आणि लग्ने उरकावीत आणि मग अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर बांधून निवांत राहावे, हे कित्येकांचे स्वप्न असते. दिवाळीत आणि मे महिन्यात अशी मंडळी गावी आली, की इथल्या एखाद्या भावाला किंवा मेहुण्याला बरोबर घेऊन माझ्या दवाखान्यात येतात. रक्तदाब तपासून झाला, की प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, आता इकडे कायमचे यावे म्हणतो. तब्येतीच्या दृष्टीने कसे काय?"

वाचकांपैकी अनेकांच्या घरी हा विषय चालू असेल. याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. ज्याने त्याने आपापल्या दुखण्याप्रमाणे हा हिशेब मांडावा लागतो. तो कसा मांडावा, ते आज पाहू.

हवा चांगली, पण ती औषध नव्हे

आपले सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० फूट उंचीवर आहे. मुंबईचा दमटपणा इथे नाही. वाहनांचा धूर आणि गोंगाट कमी. त्यामुळे झोप चांगली लागते, दगदग कमी होते. रोजच्या लोकल प्रवासाने पिचलेल्या माणसाचा रक्तदाब काही महिन्यांत उतरलेला मी अनेकदा पाहिला आहे. हा फायदा खरा आहे.

मात्र 'लहान गाव म्हणजे शुद्ध हवा' हे समीकरण नेहमीच बरोबर ठरत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये हवा सुधारण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी निवडलेल्या प्रदूषित शहरांच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सांगली, कोल्हापूर, सोलापूर, लातूर आणि जालना ही नावेही होती. आपल्याकडे उसाचे पाचट जाळतात, कोपऱ्याकोपऱ्यावर कचरा पेटवतात, मळणीच्या दिवसांत धूळ उडते. रस्त्याकडेला माजलेल्या गाजरगवताने अंगाला खाज आणि शिंका सुरू होतात. त्यात पहाटेची थंडी. दम्याच्या रोग्याला या सगळ्याचा त्रास होतो.

मुंबईहून आलेल्या एका बाईंचा दमा इथल्या उन्हाळ्यात अगदी शांत होता. 'इथल्या हवेने दमा गेला' असे समजून त्यांनी पंप परस्पर बंद केला. दिवाळीनंतर एका रात्री त्यांना प्राणवायू लावण्याची वेळ आली. चांगली हवा औषधाला मदत करते, औषधाची जागा घेत नाही, हे लक्षात ठेवावे.

चालणे सुटते, साखर वाढते

मुंबईचा माणूस व्यायाम करत नाही असे म्हणतो, पण घर ते स्टेशन चालतो, पुलाचे जिने चढतो-उतरतो. हा व्यायाम त्याच्या लक्षातही येत नाही. इथे आला, की पहिली खरेदी स्कूटरची. मंडई दहा मिनिटांवर, तरी किक मारायची. शिवाय गावात ओळखी जास्त. प्रत्येक घरी चहा, चहाबरोबर चिवडा आणि कोणी पाहुणा निघाला, की हातावर कंदी पेढा. मधुमेही माणसाची साखर वर्षभरात का वाढली, याचे कोडे मग कुटुंबालाच पडते. म्हणून इथे आल्यावर रोजचे चालणे ठरवून करावे लागते. आले त्या महिन्यात आणि पुढे दर तीन महिन्यांनी साखर तपासून घ्यावी.

रात्री दोन वाजता काय?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पक्षाघात गुठळीमुळे झाला असेल, तर त्यावरचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणजे रोग्याचे नशीब बऱ्याच अंशी घड्याळावर अवलंबून असते.

आपल्या जिल्ह्यात सोयी वाढल्या आहेत, हे खरे. कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. साताऱ्यात २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आहे. तरीही काही गुंतागुंतीच्या उपचारांसाठी पुणे गाठावे लागते. ते ११० किलोमीटरवर, आणि मध्ये खंबाटकी घाट.

शहरात राहणे आणि शहराबाहेरच्या प्लॉटवर राहणे यात फार अंतर आहे, हेही ध्यानात घ्यावे. एका गृहस्थांनी मोकळ्या माळावर सुंदर बंगला बांधला. रात्री दोन वाजता त्यांच्या छातीत कळ आली. आसपासचे प्लॉट रिकामे, रस्त्याला नाव नाही, दिवा नाही. गाडी घर शोधत अर्धा-पाऊण तास फिरत राहिली. ते वाचले, पण हृदय दुबळे झाले ते झालेच. आता दोन जिने चढले तरी त्यांना धाप लागते. त्यांच्या बंगल्याला जिनाच आहे.

दोघांचे मत घ्या

निवृत्त होतो नवरा आणि गाव बदलावे लागते बायकोला. हे वाक्य थोडे कडू आहे, पण अनुभवाचे आहे. डोंबिवलीहून आलेल्या एक काकू झोप लागत नाही, छातीत धडधडते म्हणून वर्षभर येत होत्या. सर्व तपासण्या चांगल्या आल्या. शेवटी मी त्यांना विचारले, "दिवसभर काय करता?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. डोंबिवलीत तीस वर्षांचा शेजार होता, भजनी मंडळ होते. इथे यजमानांना शाळेतले मित्र भेटले, ते सकाळ-संध्याकाळ बाहेर. काकू मात्र गावाबाहेरच्या पाच खोल्या झाडत बसलेल्या.

मनाच्या या आजाराला औषध आहे आणि ते मी दिले. परंतु त्याबरोबर यजमानांना बोलावून सांगितले, की घर बदला. बंगला भाड्याने देऊन दोघे पेठेत दोन खोल्यांत राहायला आले. दारासमोर देऊळ, शेजारी माणसे. चार-पाच महिन्यांत गोळ्या हळूहळू कमी करता आल्या.

याच्या उलटही घडते. मुलगा प्रेमाने वडिलांना पुण्याला नेतो. फ्लॅट सातव्या मजल्यावर, घरातले सारे दिवसभर कामावर. म्हातारबाबांचे जेवण तुटते, वजन उतरते. उत्तम इस्पितळ समोर असूनही माणूस खचतो. म्हणून आई-वडिलांना मोठ्या शहरात नेणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा.

निर्णयापूर्वी एवढे करा

१. घर घेण्यापूर्वी वर्षभर भाड्याने राहून पाहा. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी, तिन्ही अनुभवा. तोपर्यंत शहरातील जागा विकू नका.

२. आपल्या आजाराचा तज्ज्ञ आणि नेहमीची औषधे इथे मिळतात का, ते आधी विचारा. डायलिसिस बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा करावे लागते. अशा रोग्याने केंद्राजवळच राहावे.

३. घरापासून अतिदक्षता विभाग असलेल्या इस्पितळापर्यंत रात्रीच्या वेळी एकदा स्वतः जाऊन पाहा. किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा.

४. पाण्याची चौकशी करा. नळाचे की बोअरचे? इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. बोअरचे पाणी तपासून घ्या, शंका असेल तर उकळून प्या.

५. नोकरीतून मिळणारी वैद्यकीय सवलत आणि आरोग्य विमा इथल्या कोणत्या इस्पितळात चालतो, याची लेखी माहिती घ्या.

६. घर तळमजल्यावर असावे. कमोड, भिंतीला धरायला दांडी, न घसरणारी फरशी आणि रात्रीचा दिवा हवाच. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, की माणूस अंथरुणाला खिळतो.

७. जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी एका फाइलमध्ये ठेवा. आल्या आल्या जवळचा एक डॉक्टर निश्चित करा.

माझे मत विचाराल, तर ज्यांचे दुखणे आटोक्यात आहे आणि ज्यांना इथे हाक मारायला माणसे आहेत, त्यांनी खुशाल यावे. चार वर्षे सुखाची जातील. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड फार अधू आहे, त्यांनी मोठ्या इस्पितळाच्या जवळच राहावे आणि हवापालटासाठी महिना-दोन महिने येऊन जावे. यायचेच ठरले, तर डोंगर दिसणारा माळ सोडा आणि शेजारी दिवा लागणारे घर पाहा.