डावखुऱ्या ड्रम सेटचा भाव कमी का धरावा?

लगीनसराई संपली की भंडारा, तुमसर, पवनी, साकोली या भागांतील बँडवाले व ऑर्केस्ट्रावाले जुना माल विकायला काढतात. त्यात कधी एखादा चाळीस-पन्नास वर्षांचा परदेशी ड्रम सेटही निघतो. वाजवणारा डावखुरा असला की घेणाऱ्याचे वाक्य ठरलेले असते, "हा डाव्या हाताचा आहे, गिऱ्हाईक मिळणार नाही, अर्ध्यात द्या." आमच्या परिचयाच्या एका बँडमास्तरांनी हे ऐकून आपला सेट खरोखरच अर्ध्या भावात दिला. दलालाने तोच सेट उजव्या मांडणीत लावला आणि पूर्ण किमतीला विकला. त्यात त्याने एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता.

गिटारची गोष्ट वेगळी आहे. डावखुऱ्यासाठी घडवलेली गिटार उजव्या हाताच्या वादकाला सहसा कामाची नसते, म्हणून तिचे गिऱ्हाईक थोडे. ड्रमचे तसे नाही. डावखुरा ढोलकीवाला ढोलकी उलटी फिरवतो आणि वाजवतो. त्याच्यासाठी कोणी निराळी ढोलकी मढवत नाही. बँडमधला डावखुरा साइड ड्रमचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर टाकतो, एवढेच. ड्रम सेटमध्येही हायहॅट उजवीकडे, फ्लोअर टॉम डावीकडे आणि मोठ्या ड्रमचे पेडल डाव्या पायाखाली घेतले की सेट डावखुरा झाला. उलट मांडला की उजवा. बीटल्सचा रिंगो स्टार जन्माने डावखुरा, पण वाजवायचा उजव्या मांडणीवर. त्याचा लडविग कंपनीचा सेट २०१५ साली अमेरिकेतील लिलावात २० लाख डॉलरपेक्षा अधिक किमतीला गेला. ती किंमत अर्थात नावाची होती, लाकडाची नव्हे.

मग डावखुरेपणाने भाव कधीच पडत नाही का? पडतो, पण तो भोकांमुळे. जुन्या सेटमध्ये झांजेचा दांडा आणि लहान टॉमची पकड पुष्कळदा मोठ्या ड्रमच्या अंगावरच बसवलेली असे. झांजेची जागा उजव्या हाताच्या सोयीची. डावखुऱ्या वादकाने कारागिराकडून दुसऱ्या बाजूला नवी भोके पाडून घेतली असतील, तर जुना माल जमवणारा शौकीन तिथेच हात आखडता घेतो. भोक बुजवले, वर रंग मारला, तरी आतून ते दिसतेच. कारखान्यातूनच डाव्या बाजूला भोके पाडून आलेला सेट असेल तर तो ऐब नव्हे. आतील कडा पाहा. मूळ भोक स्वच्छ असते, घरचे भोक बहुधा लाकडाच्या चिरफळ्या काढते.

आमच्या कारागीर बंधूंना म्हणूनच विनंती, की जुन्या परदेशी ड्रमला नवे भोक पाडण्याचे काम आले तर आधी गिऱ्हाईकाला नुकसान समजावून सांगा. झांजेसाठी वेगळा स्टँड बाजारात मिळतो. जुना आवरणाचा कागद काढून नवा लावणे, कडा रंध्याने घासणे, कंपनीचा बिल्ला उखडणे, यांनीही भाव घसरतो. कड सपाट आहे का, हे पाहायचे असेल तर अंधाऱ्या खोलीत चामडे काढलेला ड्रम जाड काचेवर ठेवा आणि आत बॅटरी लावा. प्रकाश जिथून निसटेल तिथे कड बसलेली आहे.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो, म्हणून इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. धातूचे स्नेअर ड्रम अ‍ॅल्युमिनियमचे असतात तसे पितळेचेही असतात, आणि वरच्या चकचकीत क्रोममुळे दोन्ही सारखेच दिसतात. लडविगने १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पितळेवर क्रोम चढवलेले स्नेअर काढले, पुढे ती जागा अ‍ॅल्युमिनियमने घेतली. शौकीन मंडळी पितळेच्या ड्रमला जास्त भाव देतात. लोहचुंबक येथे उपयोगाचे नाही, कारण ते दोन्हींना चिकटत नाही. मात्र पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड. भांड्याच्या कारागिराने ड्रम नुसता उचलला तरी त्याला कळेल. असा ड्रम मोडीच्या दुकानात किलोने घालणे म्हणजे काय, ते आम्ही वेगळे सांगायला नको.

सर्वच जुन्या मालाला असा भाव येतो, असे मात्र समजू नये. आपल्याकडील बहुतेक बँडचे साहित्य मेरठचे. तेथील नादिर अली आणि कंपनी १८८५ पासून या धंद्यात आहे. हा माल टिकाऊ आणि कामाचा, पण त्याची किंमत वापराची असते, शौकाची नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत व ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आल्यापासून ती उतरलीच आहे. लडविग, स्लिंगरलँड, ग्रेच, रॉजर्स, प्रीमियर यांपैकी बिल्ला दिसला तर मात्र घाई करू नका.

विकताना सेट उजव्या मांडणीत लावून फोटो काढा. नंतर भोके असतील ती आतून-बाहेरून दाखवणारा फोटो जोडा आणि ती कधी, कशासाठी पाडली हे लिहून द्या. ऐब आधीच सांगितला की घेणाऱ्याला तो शोधून भाव पाडायची संधी राहत नाही. "डाव्या हाताचा आहे" असे कोणी म्हटले, तर त्याच्यासमोर टॉमची अदलाबदल करून दाखवा. पाच-दहा मिनिटांचे काम आहे.