भाड्याचं की मालकीचं?
लेखमाला : कॅमेऱ्यानंतर – भाग ६

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. संकलनासाठीही त्याला नामांकन होतं. संकलक यांग जिन-मो यांनी हा चित्रपट फायनल कट प्रो ७ वर जुळवला होता आणि हे सॉफ्टवेअर ॲपलने २०११ मध्येच गुंडाळलं होतं. पुढे २०१७ च्या मॅकओएसवर ते चालेनासंही झालं. ज्यांना ते सोडवत नव्हतं, त्यांनी त्याच्यासाठी जुने मॅक सांभाळून ठेवले.

या किश्शातून ‘सॉफ्टवेअर कुठलंही असो, माणसात कला हवी’ असं तात्पर्य काढायची पद्धत आहे. ते खरंही आहे, पण पहिल्यांदाच पैसे मोजून एडिटिंग सॉफ्टवेअर घेणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. त्याच्या कामाची गोष्ट निराळी आहे. फायनल कट ७ विकत घेतलेलं होतं. कंपनीने हात वर केले तरी ते कुणी काढून घेऊ शकलं नाही. दरमहा पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरचं असं होत नाही. भाडं थांबलं की खोलीला कुलूप लागतं, आणि सामान आतच राहतं.

सामान म्हणजे प्रोजेक्ट फाइल. मूळ चित्रीकरण आणि तयार झालेला व्हिडिओ आपल्या हार्ड डिस्कवर असतोच. पण कुठे कट मारला, कुठे आवाज कमी केला, कुठे रंग बदलला ही सगळी मेहनत प्रोजेक्ट फाइलमध्ये असते आणि ती फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडते. एक्सएमएल नावाची मधली फाइल काढून प्रोजेक्ट दुसरीकडे नेता येतो. कट बहुतेक टिकतात, इफेक्ट आणि टायटल वाटेत गळतात. म्हणून गेल्या भागात संगणकाची चर्चा झाल्यावर या भागात फीचरच्या याद्यांआधी पैसे देण्याच्या पद्धतीकडे पाहू.

ॲडोबी प्रीमियर १९९१ पासून बाजारात आहे. (त्याच्या पहिल्या आवृत्त्या घडवणारे रँडी युबिलॉस पुढे मॅक्रोमीडियात गेले आणि तिथे त्यांनी जे सुरू केलं, तेच ॲपलने विकत घेऊन १९९९ मध्ये फायनल कट प्रो म्हणून आणलं. दोन्ही हाडवैऱ्यांचा बाप एकच!) २०१३ मध्ये ॲडोबीने जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूट (सीएस) ६ नंतर एकरकमी विक्री बंद, यापुढे फक्त सबस्क्रिप्शन. तेव्हापासून प्रीमियर प्रो भाड्यानेच मिळतं.

या भाड्याचे तीन प्रकार आहेत आणि नवशिका हमखास मधल्या प्रकारात अडकतो. पहिला निव्वळ मासिक : महाग, पण केव्हाही सोडता येतो. तिसरा वर्षाचे पैसे एकदम भरण्याचा. मधला वार्षिक कराराचा, पण हप्ते महिन्याचे. पडद्यावर आकडा महिन्याचा दिसतो, तोही पहिल्यापेक्षा बराच कमी, आणि बोट तिथेच जातं. पहिल्या १४ दिवसांत रद्द केलं तर पैसे परत. त्यानंतर मात्र उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मी रक्कम दंड म्हणून भरावी लागते, असा या योजनेचा नियम अनेक वर्षं होता. म्हणजे चार महिन्यांनी कंटाळून सोडलं, तर उरलेल्या आठांपैकी चार महिन्यांचे पैसे न वापरता द्यायचे. हा दंड ग्राहकाला नीट दिसेल असा सांगितला जात नाही आणि रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवली आहे, असा आरोप करत अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. त्या दाव्याचं काहीही झालं असो. घेणाऱ्याने पैसे भरण्याआधी अटींचं पान पूर्ण वाचावं, इतकं तरी हातात आहेच.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमांची थोडी ढाल मिळते. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी बँकेने किमान २४ तास अगोदर कळवायचं असतं. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० झाली. बँकेचा तो आगाऊ संदेश जाहिरातींच्या ढिगाऱ्यात हरवू देऊ नये. आणि कार्ड ब्लॉक केलं म्हणजे करार संपला, असंही समजू नये.

आता दुसरं टोक, मालकीचं. दा विंची ही फ्लोरिडातली कंपनी १९८४ पासून चित्रपटांच्या रंगदुरुस्तीची यंत्रं बनवत होती. त्यांची किंमत लाखो डॉलरच्या घरात असे, त्यामुळे ती फक्त मोठ्या स्टुडिओंत दिसत. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ही कंपनी घेतली, वर्षभरात तिचं ‘रिझॉल्व्ह’ हे सॉफ्टवेअर ९९५ डॉलरवर आणलं आणि २०११ मध्ये त्याची मोफत आवृत्तीही दिली. २०१७ मध्ये ‘रिझॉल्व्ह स्टुडिओ’ या विकतच्या आवृत्तीची किंमत ३०० डॉलरच्या आत आली. ती एकदाच द्यायची. एका परवान्यावर दोन संगणक चालतात आणि आजवर पुढच्या मोठ्या आवृत्त्यांसाठी वेगळे पैसे घेतलेले नाहीत. इथे जीएसटी आणि विक्रेत्याचा भाव धरून हिशेब करावा.

खरी गंमत मोफत आवृत्तीची आहे. ती लुळीपांगळी नाही. कापणं, जोडणं, आवाज, रंग, टायटल सगळं त्यात आहे आणि वॉटरमार्क नाही; फक्त स्टुडिओसाठी राखलेला इफेक्ट लावला, तरच चित्रावर शिक्का उमटतो. ती अडवते ती नेमक्या जागी : अल्ट्रा एचडीपेक्षा मोठं चित्र हवं असेल, सेकंदाला ६० पेक्षा जास्त फ्रेम हव्या असतील, अंधारातल्या चित्रीकरणातला दाणेदारपणा काढायचा असेल, किंवा नव्या कॅमेऱ्याची १०-बिट ४:२:२ फाइल विंडोजवर उघडायची असेल. मोबाइलवर पाककृती चित्रित करणाऱ्याला यातलं एकही दार महिनोन्‌महिने ठोठावावं लागत नाही. खोट एकच, पण मोठी. रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर जगतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर ते रडवतं.

मॅक असेल तर ॲपलचं आताचं, नवं फायनल कट प्रो काही दिवस मोफत वापरून पाहता येतं. विंडोजवाल्यांचा तिथे संबंधच येत नाही.

फिल्मोरा, पॉवरडायरेक्टर यांसारखी सॉफ्टवेअर सोपी आहेत आणि मध्यम संगणकावरही बरी चालतात. पहिल्याच संध्याकाळी हातात काहीतरी पडतं. फिल्मोराची मोफत आवृत्ती तयार व्हिडिओवर शिक्का मारते, म्हणून लोक घाईने पैसे भरतात. तिथे ‘परपेच्युअल’ हा शब्द दिसला की थांबावं. कायमची मालकी त्या आवृत्तीपुरती असते, पुढच्या मोठ्या आवृत्तीची नव्हे. इफेक्टचे साठे आणि एआयची साधनं बऱ्याचदा वेगळ्या वर्गणीवर चालतात.

मराठी मुलखात एक नाव हमखास कानावर येतं : एडियस. मूळची जपानी कॅनोपस कंपनी, आता ग्रास व्हॅली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांत ते लोकप्रिय आहे, कारण तासन्‌तासांचं मल्टिकॅम चित्रीकरण ते फारशी कुरकुर न करता ओढतं. ज्याला अशा स्टुडिओत काम करायचं आहे, त्याने सर्वोत्तम सॉफ्टवेअरचा काथ्याकूट करण्यापेक्षा त्या स्टुडिओत काय चालतं ते विचारावं आणि तेच शिकावं.

परदेशी तुलनांमध्ये न सापडणारी एक कसोटी मराठी माणसाला स्वतःच लावावी लागते, ती देवनागरीची. ट्रायल आवृत्तीत टायटलच्या चौकटीत ‘विठ्ठल’, ‘ज्येष्ठ’, ‘दऱ्याखोऱ्यांत’ हे शब्द टाइप करावेत. प्रीमियरच्या बऱ्याच आवृत्त्यांत मूळ सेटिंगवर ‘वि’ची वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात आणि हलन्त उघडे पडतात. दोष फॉन्टचा वाटतो आणि माणूस दहा फॉन्ट बदलत बसतो. उपाय असतो प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात. तिथलं टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ केलं की नव्याने टाइप केलेली अक्षरं जागेवर येतात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होत नाही ना, हेही पाहावं. हा अर्धा र हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये कधी कधी चुकतो. पुष्कळ एडिटर अजून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत मजकूर करून चिकटवतात. टायटल देखणं दिसतं, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर सबटायटलच्या फाइलमध्ये नेला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. यूट्यूबला मराठी सबटायटल द्यायची असतील तर युनिकोडला पर्याय नाही.

ट्रायलमध्ये कंपनीच्या नमुना क्लिप वापरू नयेत. त्या सगळ्यांच्याच मशीनवर लोण्यासारख्या चालतात. आपल्याच मोबाइलवर घेतलेली दहा-पंधरा मिनिटांची सलग क्लिप टाकावी. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो आणि काही सॉफ्टवेअरमध्ये शेवटाकडे ओठ आणि आवाज यांची फारकत होते. क्लिप टाइमलाइनवर चालवून, टायटल लावून, व्हिडिओ पूर्ण बाहेर काढावा आणि शेवटचं मिनिट कान देऊन पाहावं. एक्स्पोर्टला लागलेला वेळही लिहून ठेवावा.

पैसे कधी द्यावेत? मोफत आवृत्तीने नेमकं कुठे अडवलं, हे एका वाक्यात सांगता आलं की. ‘प्रोफेशनल दिसावं म्हणून’ हे ते वाक्य नव्हे. ग्राफिक्स कार्ड बरं असेल तर रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीपासून सुरुवात करावी. मशीन कमजोर असेल तर सोपं, हलकं सॉफ्टवेअर आधी एकाच महिन्यासाठी घेऊन पाहावं. प्रीमियर हवं असेल ते समोरचा स्टुडिओ किंवा ग्राहक प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल मागतो म्हणून; तेव्हाही पहिले काही महिने निव्वळ मासिक योजनाच बरी, ती कितीही महाग दिसली तरी.

पुढच्या आठवड्यात : आवाज. कॉलर माइक, पंख्याची घरघर आणि ती काढताना बिघडणारा माणसाचा गळा. तोवर वरचे तीन शब्द आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून पाहा.