शनिवारी घाणा बंद!

‘काकू, आपल्याकडे एक हिटलरच पाहिजे!’

माझ्या रविवारच्या वर्गातला सातवीतला मुलगा सहज बोलून गेला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला राग आला, पण कुणाचा? बातम्या बघताना आपण मोठी माणसंही असंच बोलतो की!

‘हिटलरच्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेले, माहीत आहे ना?’ मी विचारलं. आकडा पाठ होता. ज्यू मात्र कुणी पाहिला नव्हता. अलिबागची मुलं ही, इस्रायल आळीतून ये-जा करणारी!

मग धडा ठेवला बाजूला. फुटलेल्या गलबतातून नवगावच्या किनाऱ्यावर वाचलेल्या सात जोडप्यांची बेने इस्रायली लोकांची परंपरागत कथा सांगितली. हे लोक तेलाचे घाणे चालवत. शनिवारी शब्बाथ, म्हणून घाणा बंद. त्यावरून नाव पडलं शनवार तेली. आडनावं गावांवरून – पेणकर, रोहेकर, किहीमकर. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड, हे चेऊलकर म्हटल्यावर चौलची मुलगी ताठ बसली.

लहानपणी आमच्या शेजारी एक ज्यू मावशी होत्या. नऊवारी नेसायच्या, बोलणं अस्सल आगरी वळणाचं. मटणाबरोबर दूध-दही वर्ज्य, म्हणून रस्सा नारळाच्या दुधातला. पापलेट चाले, पण खवले नसलेली कोळंबी घरात यायची नाही. ‘कोळंबी नाय?’ मुलं हळहळलीच! पुढे मावशी मुलाकडे इस्रायलला गेल्या. तिथेही १९६४ सालापर्यंत बेने इस्रायलींना आपण खरे ज्यू आहोत हे पटवून द्यायला झगडावं लागलं होतं. इथे थोडे, तिथेही वेगळे.

‘म्हणजे ते आपल्यासारखेच!’ एक मुलगा खुशीत म्हणाला. मीही ‘हो’ म्हणणार होते, पण अडखळले.

‘आणि आपल्यासारखे नसते तर? मराठी येत नसतं, साडी नेसत नसते तर?’

वर्ग गप्प झाला.

पुढच्या रविवारी १८४८ सालचं मागेन अबोथ सिनेगॉग बघायला गेलो. मुलांनी डोक्याला रुमाल बांधले. हिटलरवाला माझ्याजवळ रेंगाळला.

‘काकू, मी बोललो ते त्या मावशींनी ऐकलं असतं तर?’

‘जेवायला बसवलं असतं तुला,’ मी म्हटलं. ‘पण त्यांना घास गेला नसता.’