‘मन हलकं झालं’ हे मोजायचं कसं?

पेटची तयारी करणाऱ्या किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मुलामुलींकडून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, “डोकं जाम झालंय.” दुसरं, “जरा फिरून आलो, बरं वाटलं.” आज आपण या दुसऱ्या वाक्याकडे संशोधकाच्या नजरेने बघू. शरीर हलवल्याने मनावरचा ताण खरंच उतरतो का? उतरत असेल, तर ते सिद्ध कसं करायचं?

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात कानबाई बसते आणि सोमवारी मिरवणुकीने विसर्जनाला निघते. एरवी घरकामातून मान वर करायला सवड नसलेल्या बाया त्या दिवशी वाजंत्रीवर मनसोक्त नाचतात, फुगड्या खेळतात. घरी येतात तेव्हा पाय दुखत असतात, पण तोंडी असतं, “मन हलकं व्हयनं.”

हा अनुभव खराच आहे. पण अनुभव म्हणजे कारण नव्हे. त्या दिवशी नाच होता, तशी वाजंत्रीही होती. बायांची सोबत होती, श्रद्धा होती, माहेरी आलेली लेक होती आणि रोजच्या कामाला सुट्टीही होती. मग मन हलकं झालं ते यातल्या नेमक्या कशामुळे? इथे तुमचा रिसर्च क्वेश्चन सुरू होतो.

ताण शरीरात कुठे ‘साठतो’?

“भावना कंबरेत साठतात, अमुक व्यायामाने बाहेर पडतात” अशी रील्स तुम्ही पाहिली असतील. पण दुःख किंवा राग स्नायूत साठतो आणि हालचालीने बाहेर सांडतो, असा कोणताही पदार्थ तपासणीत सापडत नाही. सापडते ती एक प्रक्रिया. धोका जाणवला की मेंदूच्या इशाऱ्यावर अॅड्रेनल ग्रंथींतून अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सुटतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तात साखर येते, स्नायू ताठ होतात. ही सगळी तयारी पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी असते. गाइडने चॅप्टर परत पाठवला की शरीर अशीच तयारी करतं, पण पळायला जागा नसते. आपण खुर्चीतच बसून राहतो.

आता गंमत बघा. जोरात पळताना कॉर्टिसॉल कमी होत नाही, उलट काही वेळ वाढतं आणि नंतर खाली येतं. म्हणजे व्यायाम संपल्या संपल्या रक्त तपासलं तर ताण वाढलेला दिसेल, आणि दीड-दोन तासांनी तपासलं तर वेगळं चित्र मिळेल. काय मोजायचं याइतकंच कधी मोजायचं हेही महत्त्वाचं, हा धडा वहीत लिहून ठेवा.

वाजंत्री की नाच?

कानबाईच्या प्रश्नाजवळ जाणारा एक छोटा प्रयोग जर्मनीत झाला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या उपचारासाठी दाखल झालेले ३१ रुग्ण घेतले. एका गटाने फेर धरून आनंदी चालीवर नाच केला. दुसऱ्या गटाने तेच संगीत नुसतं बसून ऐकलं. तिसऱ्या गटाने संगीताशिवाय एका जागी उभी असलेली सायकल चालवली, शरीर साधारण नाचाइतकंच तापेल एवढी. उदासी सर्वांत जास्त कमी झाली ती नाचणाऱ्या गटाची.

कंट्रोल ग्रुप कसे निवडलेत ते बघा. एका गटातून हालचाल काढली, दुसऱ्यातून संगीत काढलं. म्हणून ‘नुसत्या संगीताने’ किंवा ‘नुसत्या घामाने’ बरं वाटलं असेल, ही शंका कमी होते. पण माणसं फक्त ३१ आणि नाच एकाच वेळचा, हेही विसरू नका. शिवाय फेरातली सोबत सायकलवर नव्हती.

सोबतीचा प्रश्न ब्राझीलमधल्या २०१५ च्या अभ्यासाने घेतला. २६४ शाळकरी मुलामुलींचे चार प्रकार केले: काहींनी जोरात हालचाली केल्या, काहींनी हलक्या, काहींनी एकमेकांच्या तालात, काहींनी आपापल्या. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून वेदना किती सोसवते ते आधी आणि नंतर मोजलं. जोराच्या हालचालीने सहनशक्ती वाढली, आणि एका तालात नाचल्यानेही वेगळी वाढली. दोन व्हेरिएबल एकाच प्रयोगात सुटे कसे करायचे, याचा हा चांगला नमुना आहे.

राग ‘बाहेर काढावा’ का?

हालचाल चांगली, म्हणून कोणतीही हालचाल चांगली, असं मात्र नाही. अमेरिकेतले ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी त्यांच्या निबंधावर बोचरी टीका करून त्यांना चिडवलं. मग काहींना टीका करणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायाम म्हणून मारायला सांगितलं, आणि काहींना नुसतं बसवलं. सर्वांत चिडलेले राहिले ते त्या माणसाला मनात धरून ठोसे मारणारे. २०२४ मध्ये बुशमन आणि सोफी क्यारविक यांनी १५४ अभ्यास, म्हणजे १०,१८९ सहभागी, एकत्र तपासले. राग कमी झाला तो श्वसन, ध्यान, योग यांसारख्या, शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी. जॉगिंगने तर राग वाढलेला दिसला.

पण नैराश्यासाठी चित्र वेगळं आहे. त्याच वर्षी ‘बीएमजे’त २१८ चाचण्यांचा आढावा आला. त्यात चालणं-पळणं, योग, वजनं उचलणं आणि नाच यांचा उपयोग दिसला. लेखकांनी पुराव्याच्या मर्यादाही मोकळेपणाने सांगितल्या: आपण व्यायाम करतोय हे करणाऱ्याला कळतंच, त्याला अंधारात कसं ठेवणार? तेव्हा ‘भावना’ असा मोघम शब्द सिनॉप्सिसमध्ये घालू नका. राग, चिंता, उदासी वेगवेगळ्या मोजा.

अमळनेरचे प्राचार्य

हा मोजण्याचा आग्रह आपल्याकडे नवा नाही. एरंडोलजवळच्या अमळनेरला राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. नौली, उड्डियान यांसारख्या क्रियांत पोटात काय घडतं, ते त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. प्राणायामाने शरीराला भरपूर जास्त ऑक्सिजन मिळतो, हा लोकप्रिय समज त्यांच्या मोजमापात टिकला नाही. योगावर निष्ठा असूनही त्यांनी ते छापलं. संशोधकाची खरी परीक्षा इथे असते.

तुमच्यापुरतं

डोकं जाम झालं की वीस मिनिटं चाला, शक्य असेल तर कोणाला तरी सोबत घ्या. गाइडवर चिडलेले असाल तर त्यांना मनात धरून धावू नका. आधी संथ श्वास घ्या, मग बाहेर पडा. दोन आठवडे चालण्याआधी, लगेच नंतर आणि दोन तासांनी ताणाला शून्य ते दहा गुण द्या. चालला नाहीत त्या दिवसांचेही त्याच वेळी गुण लिहा, कारण तोच तुमचा कंट्रोल. यातून पेपर होणार नाही, पण आपल्याला काय लागू पडतं ते कळेल.

आणि झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर चालण्यावर भागवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. मराठीत बोलता येतं. पीएचडी थांबली तर पुन्हा सुरू करता येते. आधी तुम्ही हवेत.